दुःखात नापास

माझ्या दुःखाला शंभरापैकी एकतीस गुण पडले, ही बातमी मला जिन्यात कळली. मी दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत होतो आणि समोरच्या फ्लॅटमधले इन्शुरन्सवाले खाली जात होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. पहिल्या वेळेला होतं असं."

बायको जाऊन पाच महिने झाले होते. पहिल्या वेळेला होतं म्हणजे काय, ते मला कळेना. दुसऱ्या वेळेला कोण जायचं बाकी होतं?

"काय होतं?" मी विचारलं.

"एकतीस हो. चारच गुणांनी हुकलं तुमचं." एवढं बोलून ते गेले. माणूस नापास झाला की लोक त्याच्याजवळ फार वेळ थांबत नाहीत, हे मला शाळेपासून माहीत आहे.

वर येऊन मी भाचीला गाठलं. ही माझ्या ताईची मुलगी. ताई दुसऱ्या गावाला असते. भाची इथे एका दाताच्या दवाखान्यात फोन घ्यायची आणि मैत्रिणींबरोबर राहायची. मग दवाखान्यानं फोन घ्यायला एक यंत्र आणलं. ते यंत्र प्रत्येकाला म्हणतं, "तुमच्या वेदना मी समजू शकते." भाचीनं असं कधी कुणाला म्हटलं नव्हतं, कारण तिचे स्वतःचे दात ठणठणीत आहेत. नोकरी गेली तशी ती माझ्या मागच्या खोलीत राहायला आली. ताई सगळ्यांना सांगते की मामाला सोबत म्हणून पोरगी गेली आहे. भाची मैत्रिणींना सांगते की मामाला सोबत म्हणून आले आहे. मी कुणालाच काही सांगत नाही, कारण मला कुणी विचारलेलं नाही.

भाची उदास गाण्यांचे अल्बम काढते. इंडी अल्बम. इंडी म्हणजे काय, असं मी तिला विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "कुठल्याही कंपनीशिवाय, स्वतःच्या बळावर." स्वतःच्या बळावर म्हणजे माझी खोली, माझी वीज आणि माझ्या बायकोच्या गाद्या. गाद्या भिंतीला टेकवल्या की आवाज घुमत नाही म्हणे. तिचा पहिला अल्बम होता 'गार झालेला चहा' आणि दुसरा 'कुलूप'. दोन्हींच्या चित्रांवर एक रिकामी खुर्ची आहे. ती खुर्चीही माझीच.

मुलगी मात्र स्वभावानं अतिशय आनंदी. खाते व्यवस्थित, झोपते व्यवस्थित, स्वतःच्याच विनोदाला आधी हसते. त्यामुळे उदासी कमी पडते. पूर्वी ओळ सुचली नाही की ती नखं खात बसायची. दिवसभरात एखादी ओळ व्हायची, ती बरी असायची. हल्ली ती एआयला विचारते. ते ओळ लिहितं, चाल लावतं, आणि वर ती चाल किती उदास झाली ते शंभरापैकी सांगतं. भाचीची नखं आता चांगली लांब वाढली आहेत. पण गाणं ऐकवताना ती पूर्वीसारखी माझ्या तोंडाकडे बघत नाही. पडद्यावरच्या आकड्याकडे बघते.

तर या यंत्रानं तिला सांगितलं की अल्बममध्ये खऱ्या दुःखाचा आवाज हवा. खरं दुःख घरातच, पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेलं. तिनं माझ्यापुढे माइक ठेवला आणि म्हणाली, "मामा, मामीबद्दल बोला. काय वाटेल ते."

मी बोललो. चांगला अर्धा तास बोललो.

"आणि ते एकतीस गुण?" आता मी तिला विचारलं.

ती ओशाळली. "मामा, रेकॉर्डिंग आणि त्याचा आकडा आपोआप ग्रुपवर जातात. ऐकणाऱ्यांचा ग्रुप आहे ना माझा. त्यात बिल्डिंगमधले सगळे आहेत. आई पण आहे."

"म्हणजे ताईलाही कळलं?"

"आईनं अंगठा दाखवला."

"वर की खाली?"

"वर. सवयीनं दाखवते ती."

मी म्हटलं, मला ते यंत्र काय म्हणतंय ते दाखव. तिनं पडदा फिरवला. तिथे लिहिलं होतं: दुःख एकतीस. आणि खाली, 'ध्वनिफितीचा प्रकार: ग्राहकाची तक्रार. खात्री एक्क्याण्णव टक्के.'

आता इथे एक खुलासा करायला हवा. माझा उभा जन्म वीज कंपनीच्या तक्रार खिडकीमागे गेला. माणूस समोर आला की मी विचारायचो, कधीपासून? काय बंद आहे? यापूर्वी कळवलं होतं का? काही लोक रडत यायचे, काही शिव्या देत यायचे, पण माझ्याकडून जाताना प्रत्येकाचं म्हणणं चार सरळ वाक्यांत झालेलं असायचं. त्यामुळे बायकोबद्दल बोल म्हटल्यावर मला जे येतं ते मी बोललो. ती गेल्यापासून दूधवाला दोन पिशव्या टाकतो आहे. त्याला एक टाक म्हणून सांगायचं राहून जातं आहे. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण बाहेर आहे. मी बाहेर येताना ते कधीही बंद करत नाही, ती मागून येऊन बंद करायची. आता दिवा चालू राहतो. सबब, बिल वाढलं आहे.

मला यात दुःख दिसत होतं. यंत्राला बिल दिसलं.

खरं सांगतो, हसण्यावारी नेण्याचा मी प्रयत्न केला. पण एक गोष्ट मला टोचत होती. ती गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो. नंतरही नाही. मी कागदपत्रं केली, फोन केले, लोकांना खुर्च्या दिल्या. एखाद्या भागाला वीज देणारा फीडर बंद पडावा आणि आपण रीतसर नोंद घ्यावी, तसं. आता एक यंत्र, ज्यानं जगातली सगळी रडगाणी ऐकली आहेत, ते म्हणत होतं की या माणसाला फारसं काही झालेलं नाही. हे खरं असेल तर? इतकी वर्षं आम्ही एका घरात राहिलो, ते नुसतं कनेक्शन होतं की काय? हे कुणाला विचारायचं तर तीच नव्हती. ती असती तर म्हणाली असती, "विचारताय काय, वेडे आहात का?" आणि प्रकरण निकालात निघालं असतं.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगनं माझं दुःख सुधारायचं मनावर घेतलं.

प्रथम खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते कोणत्याही दारात वर्गात शिरल्यासारखे शिरतात. "मी ऐकलं तुमचं," ते म्हणाले. "मुद्दे आहेत. मांडणी नाही. सुरुवातीलाच दूधवाला? दूधवाला शेवटी घ्या. आधी प्रस्तावना. मग पत्नीचे गुण. मग नियतीचा घाला. मग समारोप."

"मला नियतीबद्दल काही माहिती नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही. पण त्याचे गुण असतात."

मग इन्शुरन्सवाले आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आल्या. इन्शुरन्सवाल्यांचा सल्ला असा की माणसानं दुःखात असताना आकडे सांगू नयेत. "क्लेम भरतानासुद्धा मी लोकांना सांगतो, आधी भावना, मग रक्कम." वहिनी म्हणाल्या, "अहो, थोडा कंठ दाटू द्या. मी दाखवू का?" आणि परवानगीची वाट न पाहता त्या माइकपुढे बसल्या. त्यांच्या मिक्सरचं भांडं त्या आठवड्यात फुटलं होतं. त्यावर त्या बोलल्या. "लग्नातलं होतं हो," एवढं म्हणाल्या आणि त्यांचा आवाज असा काही फाटला की मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

यंत्रानं अठ्ठ्याऐंशी दिले.

"बघा," इन्शुरन्सवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, पण थोडी काळजीही होती. मला वाटतं, मिक्सरच्या भांड्याला अठ्ठ्याऐंशी तर आपल्याला किती, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असावा. जाताना ते वहिनींना म्हणत होते, "समजा, नुसतं समजा हं, मी उद्या गेलो..." वहिनी म्हणाल्या, "आधी नवीन भांडं आणा, मग कुठे जायचं ते जा."

मी तयारी केली. हेडमास्तरांनी लिहून दिलेलं पाठ केलं. त्यात माझी बायको मितभाषी, सोशिक आणि गृहकृत्यदक्ष होती. यातली मितभाषी वाचताना मला ठसका लागला. वहिनी दाराशी उभ्या राहून कंठ कुठे दाटवायचा त्याच्या खुणा करत होत्या. भाचीनं माइक लावला. मी म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे.

बारा गुण. 'ध्वनिफितीचा प्रकार: जाहिरात, बहुधा घरगुती उपकरणाची.'

हेडमास्तर यंत्राकडे कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघावं तसे बघत राहिले. मग म्हणाले, "फेरतपासणी मागा."

दुसऱ्या दिवशी ताईचा निरोप आला. पूर्वी ताई फोन करायची आणि तास तास बोलायची. तिच्या गुडघ्यापासून सुरू व्हायचं आणि माझ्या लहानपणापर्यंत जायचं. मी फोन टेबलावर ठेवून मध्ये मध्ये 'हं' म्हणत चहासुद्धा करून घ्यायचो. हल्ली तिनंही फोनमध्ये एक मदतनीस घेतला आहे. तो रोज सकाळी तिच्या नावानं मला निरोप पाठवतो. 'प्रिय बंधू, या कठीण प्रसंगी माझे विचार तुझ्यासोबत आहेत.' ताईनं उभ्या आयुष्यात मला बंधू म्हटलेलं नाही. गाढवा म्हटलं आहे. त्या दिवशीचा निरोप होता, 'प्रिय बंधू, तुझे गुण एकतीसवरून बारावर आले आहेत. तू हळूहळू सावरतो आहेस याचा आनंद वाटतो.'

हे वाचल्यावर मी फेरतपासणी मागायचं नक्की केलं.

त्या यंत्राच्या कंपनीची एक तक्रार खिडकी आहे. मला वाटलं होतं, चला, निदान खिडकीवर आपली जात भेटेल. पण खिडकीतही यंत्रच बसलेलं. फोनवर अक्षरं उमटत होती.

'नमस्कार! मी आपली काय मदत करू?'

मी लिहिलं, माझी पत्नी वारली आहे आणि तुम्ही मला एकतीस गुण दिले आहेत.

'हे ऐकून वाईट वाटले. आपल्याला पत्नीचे खाते बंद करायचे आहे का?'

नाही, मी लिहिलं.

'आपल्याला पत्नीचे खाते पुन्हा सुरू करायचे आहे का?'

खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही. मी बराच वेळ बोट तसंच वर धरून बसलो. शेवटी त्या यंत्राचाच धीर सुटला आणि त्यानं लिहिलं, 'आपण अजून तिथे आहात का?'

मी त्यांना रीतसर तक्रार पाठवली. उत्तर आलं नाही. दुसरी पाठवली. मग तिसरी. तिसरी मी भाचीच्या कॉम्प्युटरवर बसून लिहिली, कारण माझ्या फोनवर अक्षरं बारीक दिसतात. ती अशी होती:

'मी आपल्याला तिसऱ्यांदा कळवत आहे. आधीच्या दोन्ही वेळा उत्तर आलेले नाही. मी रोज बघतो. पलीकडे कोणी आहे का, एवढे तरी कळवावे. मी इथेच आहे. वाट पाहत आहे.'

पाठवा म्हणून मी जे बटण दाबलं, ते कंपनीकडे जायचं नव्हतं. ते तिच्या गाण्यांचं बटण होतं. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि लिहिलं: 'चौऱ्याण्णव. हृदयद्रावक. प्रकार: विरहगीत.' आणि आपण होऊन त्याला गिटार लावून दिली.

बायकोवर बोललो तेव्हा ती तक्रार झाली होती, आणि तक्रार केली तर हे विरहगीत झालं. अशा खात्याशी पत्रव्यवहार करण्यात अर्थ नसतो, हे मी अनुभवानं सांगतो. पण गिटार ऐकून भाची धावत आली आणि आकडा बघून खुर्चीवर बसली ती उठेचना.

"मामा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. तक्रार आहे."

"चौऱ्याण्णव! मला आजपर्यंत साठाच्या वर नाही दिले त्यानं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं, हेव्याचं होतं. पण ती कबूल करणारी मुलगी आहे. "मी तीन वर्षं उदास व्हायचा प्रयत्न करतेय, आणि तुम्ही नुसतं तक्रार लिहून..."

"तुला हवं तर अजून आहेत. पहिली आणि दुसरी," मी म्हटलं.

गाण्याची कीर्ती ग्रुपवर गेलीच. हेडमास्तर वर आले आणि 'विरहगीतात प्रस्तावना नसते, ते मी सांगायला विसरलो' असं म्हणून श्रेय घेऊन गेले. कंपनीकडूनही अखेर उत्तर आलं. फेरतपासणीसाठी मूळ, न कापलेली ध्वनिफीत पाठवावी.

"न कापलेली म्हणजे?" मी विचारलं. "कापली कोणी?"

"यंत्रच कापतं," भाची म्हणाली. "खोकला, खुर्चीचा आवाज, असं. गुण द्यायच्या आधी साफ करतं. थांबा, मूळ काढते."

तिनं मूळ काढलं. त्यावर कालावधी लिहिलेला होता. न कापलेलं माझं बोलणं कापलेल्याच्या जवळजवळ दीडपट होतं.

"एवढा खोकलो मी?"

"नाही हो." तिनं बारकाईनं बघितलं. "त्यानं लिहिलंय, 'अनावश्यक शांतता काढली.'"

मग आम्ही ते ऐकलं. वहिनी नवीन भांड्यातली चटणी द्यायला आल्या होत्या, त्याही वाटी हातात धरून उभ्या राहिल्या. माझा आवाज आला. "रिपोर्ट आणायला आम्ही मंगळवारी गेलो होतो." मग काहीच नाही. पंख्याचा आवाज. मग पुन्हा मी, "आलो तेव्हा ताई आलेली होती, डबा घेऊन." मग पुन्हा काही नाही. "हिला भूक नव्हती." पुन्हा पंखा. "दूधवाल्याला मी दोनदा सांगितलं." पंखा. "बरं, एकदाही नाही सांगितलं."

भाचीनं थांबवलं. "मामा, तुम्ही इथे मध्ये मध्ये थांबलात कशाला? आठवत नव्हतं का?"

"मी कुठे थांबलो?"

"हे काय, 'मंगळवारी' म्हणालात आणि थांबलात. 'दोनदा' म्हणालात आणि थांबलात."

"थांबलो नाही गं," मी म्हटलं. "मंगळवार म्हटल्यावर ती मध्ये बोल..."

आणि मग मी खरोखरच थांबलो.

माझी बायको मितभाषी नव्हती. मला कोणतीही गोष्ट तिनं कधी सलग सांगू दिली नाही. मी मंगळवार म्हटलं की ती बुधवार म्हणायची. मी दोनदा म्हटलं की ती म्हणायची, एकदाही नाही, मी समोरच होते. पाहुण्यांसमोर मी चिडायचो. पण गोष्ट सांगायची तर मध्ये तिला जागा ठेवावी लागते, हे माझ्या जिभेनं कधी शिकून घेतलं ते मला कळलं नाही. मी माझं वाक्य बोलायचो आणि तिचं येईपर्यंत थांबायचो. माइकपुढेही थांबलो होतो. आणि यंत्रानं ते सगळं, तिचं सगळं बोलणं, अनावश्यक म्हणून काढून टाकलं होतं. उरलं होतं ते एकट्या माझं बोलणं. त्याला एकतीस जास्तच होते.

वहिनींनी चटणीची वाटी माझ्या हातात दिली. कंठ कसा दाटवायचा याच्या खुणा त्यांनी केल्या नाहीत. त्या दिवशी मला शिकवणीची गरज नव्हती.

थोड्या वेळानं भाची म्हणाली, "हे पाठवायचं का कंपनीकडे?"

"पाठव. नियमाप्रमाणे जाऊ दे."

उत्तर लगेच आलं. 'आपल्या ध्वनिफितीत दोष आढळला. मध्ये मध्ये आवाज येत नाही. कृपया माइक तपासावा.'

भाचीनं ते यंत्र बंद केलं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावलं. आठवडाभर आत गिटार वाजत होती, चुकत होती, परत वाजत होती. जेवायला बाहेर आली तेव्हा मी तिच्या बोटांकडे बघितलं. नखं गेली होती. मला फार बरं वाटलं.

तिसरा अल्बम निघाला. त्यात माझ्या तिन्ही तक्रारी आहेत, चाली तिच्या स्वतःच्या आहेत, आणि शेवटी माझं बोलणं जसंच्या तसं, सगळ्या मोकळ्या जागांसकट. तिथे गिटारही नाही. ऐकणाऱ्यांच्या तक्रारी आल्या. कुणाला वाटलं फोन बिघडला, कुणाला वाटलं नेट गेलं. हेडमास्तर म्हणाले, "शेवटचा भाग सोडून दिला तर पास करायला हरकत नाही." गुण किती पडले ते आम्हाला माहीत नाही.

आणि रविवारी दुपारी माझा फोन वाजला. निरोप नव्हता, फोन होता.

"गाढवा," ताई म्हणाली, "मंगळवार काय? बुधवार होता तो! मीच नव्हते का आले? मंगळवारी माझा गुडघा दाखवायचा होता म्हणून मी बुधवारी निघाले. ती बिचारी असती तर तिथल्या तिथे सांगितलं असतं तिनं तुला."

"हो," मी म्हटलं. "तीच सांगणार होती."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "जेवतोस का रे नीट?" हे विचारायला तिला मदतनीसाची गरज पडली नाही.

मी फोन कानाशीच धरून ठेवला. चहासुद्धा करायला गेलो नाही. बोलणं संपेल असं वाटायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "त्या दिवशी तू डबा आणला होतास तो पिवळा. तो अजून माझ्याकडेच आहे."

आणि थांबलो. डबा समोरच्या फळीवर होता.

"पिवळा?" ताई ओरडली. "पिवळा कसला? निळा!"